बोअर शहराची बॅग

मी अमेरिकेला कधी गेलेलो नाही. तरीही ह्यूस्टनमध्ये हॉटेलपासून दुकानापर्यंत चालत जायला फूटपाथ नाही, सिएटलच्या पावसात छत्री उघडणाऱ्याला लोक पाहुणा समजतात आणि न्यूयॉर्कमध्ये काहीही न करता नुसतं कोपऱ्यावर उभं राहिलं तरी दिवस जातो, हे मी तुम्हाला शपथेवर सांगू शकतो. हे ज्ञान पुस्तकातलं नाही. दुबईत एका विमान कंपनीच्या क्रूची बस मी चौदा वर्षं चालवली आणि माझ्या मागच्या सीटांवर चौदा वर्षं एकच वाद चालू होता, की अमेरिकेतलं कुठलं शहर मजेचं आणि कुठलं बोअर. मी गाडी चालवत ऐकत होतो. ड्रायव्हरला कान असतात हे बसमधली माणसं दोन सिग्नलनंतर विसरतात.

क्रूची बस म्हणजे काय ते आधी सांगतो. विमानात हसऱ्या चेहऱ्यानं जेवणाचा ट्रे देणारी मुलंमुली स्वतः विमानतळावर कशी पोचतात, हा प्रश्न कोणाला पडत नाही. ती कंपनीनं दिलेल्या इमारतींत राहतात. उड्डाणाच्या तीन तास आधी खाली बस येते. ड्रायव्हरच्या हातात ट्रिप शीट असते. कुठली इमारत, किती वाजता, किती माणसं, किती बॅगा, सगळं त्यावर. बॅगा ड्रायव्हरनं पोटात चढवायच्या, म्हणजे बसच्या पोटात. नियम असा की ठरलेल्या वेळेनंतर बस तीन मिनिटं थांबणार. चौथ्या मिनिटाला निघायचं, मग लिफ्टमधून कोणी हात हलवत का येईना. बस चुकलेला माणूस टॅक्सी करून धावतो आणि तरी उशीर झाला तर त्याच्या फायलीत नोंद होते.

मी हा नियम कधी मोडला नाही. फक्त चौथ्या मिनिटाला मला मागच्या टायरची हवा तपासायची आठवण व्हायची. टायर तपासायला या अंकलला वेळ लागतो, हे सगळ्या इमारतींना ठाऊक झालं होतं. सुपरवायझरनं एकदा विचारलं की तुझ्याच बसचे टायर एवढे वाईट कसे. मी म्हटलं, साहेब, वाळवंट आहे. तो पाकिस्तानी पठाण होता, शहाणा माणूस. तो नुसता हसला, पुढे त्यानं कधी विचारलं नाही.

माझ्या वाट्याला बहुतेक सकाळची अमेरिका यायची. सकाळच्या दोन-तीन तासांत अमेरिकेची चार-पाच विमानं सुटतात, त्यामुळे एकाच बसमध्ये न्यूयॉर्कला जाणारे, ह्यूस्टनला जाणारे आणि सिएटलला जाणारे असे सगळे शेजारी शेजारी बसलेले. चौदा-पंधरा तास उडायचं, तिथल्या हॉटेलात एक दिवस विश्रांती घ्यायची आणि परत. त्या एका दिवसाला लेओव्हर म्हणतात. म्हणजे या लोकांनी अमेरिका पाहिली ती एकेक दिवसाच्या तुकड्यांत, तीही अर्धवट झोपेत. पण मतं अशी ठाम की तिथल्या महापौराची नसतील.

वादाच्या पुढारी दोन. पहिली जेनेट, वसईची, आमच्या मराठी बोलण्यातली. बसमध्ये चढताना "काका, गुड मॉर्निंग" आणि उतरताना "येते हं" म्हणणारी ती एकटीच. ती न्यूयॉर्कची कडवी कार्यकर्ती. दुसरी जोसी, फिलिपिन्सची, वयानं मोठी, केबिनची प्रमुख. तिचं माप साधं होतं. ज्या शहरात फिलिपिनो वाण्याचं दुकान हॉटेलपासून जवळ, ते शहर मजेचं. करीम नावाचा एक इजिप्शियन मुलगा होता. त्यानं ह्यूस्टनमध्ये चालत दुकानात जायचा प्रयत्न केला, तेव्हा रस्त्यात पोलिसांनी गाडी थांबवून त्याला तब्येत बरी आहे का म्हणून विचारलं होतं. तेव्हापासून ह्यूस्टनचं नाव काढलं की तो नुसते हात जोडायचा. "खलास, हबीबी," म्हणायचा, "जिथं पायी चालणारा माणूस आजारी दिसतो, ते शहर नको."

काही गिऱ्हाइकं वादाच्या पलीकडची. पोलंडची एक मुलगी प्रत्येक शहरात पडदा ओढून झोपायची. तिची बॅग जशी जायची तशी यायची, आतला इस्त्रीचा ड्रेससुद्धा न मोडता. तिचं मत मी गैरहजर धरायचो. एका सर्बियन मुलानं शिकागोहून तिथल्या घरांसमोर असते तसली खांबावरची टपालपेटी आणली. पत्र आलं की तिचा छोटा लाल झेंडा वर होतो म्हणे. दुबईत घरोघर पत्र येतच नाही, सगळा कारभार पोस्ट ऑफिसातल्या पेट्यांवर. तरी त्यानं ती नवव्या मजल्यावर दाराबाहेर लावली आणि रोज सकाळी झेंडा स्वतःच वर करून तो कामाला निघायचा. शिकागो मजेचं की बोअर, असं त्याला विचारलं तर म्हणाला, तिथं पत्रं येतात.

आता माझं माप सांगतो. मी अमेरिकेला गेलो नसलो तरी अमेरिकेहून आलेली प्रत्येक बॅग मी उचलली आहे. जाताना सगळ्यांच्या बॅगा सारख्याच, जवळजवळ रिकाम्या. येताना मात्र शहर बोलायचं. ऑर्लँडोची बॅग उचलताना कंबर आठवायची, तिथं स्वस्त कपड्यांचे मोठमोठे मॉल. न्यूयॉर्कचीही तशीच. बॉस्टन मध्यम. सॅन फ्रान्सिस्कोची एका हातानं उचलावी. यावरून माझा नियम ठरला: जड बॅग, मजेचं शहर, हलकी बॅग, बोअर शहर. जिथं जीव रमतो तिथून माणूस हातात काहीतरी घेऊन येतो.

आणि अंदाज असा की अर्ध्या किलोचा फरक नाही. जेनेटनं आधी चेष्टा केली, मग पैज लावली. मी बॅग उचलून आकडा सांगायचा, तिनं घरी जाऊन काट्यावर ठेवून फोटो पाठवायचा. पाच-सहा फोटोंनंतर तिनं पैज सोडली. कंपनीच्या बॅगा सगळ्या एकसारख्या, ओळख फक्त नावाच्या चिठ्ठीची. एकदा दोघींच्या चिठ्ठ्या गळून पडल्या आणि जेनेट भलतीच बॅग ओढत निघाली. मी हाक मारून थांबवलं. म्हटलं, बाई, तू सॅन फ्रान्सिस्कोहून आलीस, ही ऑर्लँडोची आहे. उघडली तर आत सात जोडी बूट. त्या दिवसापासून बसमधला वाद मिटेनासा झाला की निकाल माझ्याकडे यायला लागला. अंकल, बॅग काय म्हणते? मी गंभीर चेहऱ्यानं न्यायदान करायचो. जुन्या ट्रिप शीटांच्या कोऱ्या पाठीवर मी दोन रकाने आखले होते, एक मजेचा, एक बोअर. गाडी धुवून झाली की त्यात भर घालायची. माणसाला अधिकार नसलेल्या विषयात मान मिळाला की किती गोड लागतो, हे मी अनुभवानं सांगतो.

आणि अशातच ओमाहा आलं.

माझी मुलगी मृणाल. लांज्याजवळच्या आमच्या गावी आईबरोबर वाढली, रत्नागिरीला शिकली. आमच्याकडे पाऊस पडतो तो कौलं उडवणारा आणि मे महिन्यात विहिरीत बादली तळाला लागते. हे पाणी जातं कुठं, हा प्रश्न तिला लहानपणी पडला आणि तो तिनं सोडला नाही. जमिनीखालच्या पाण्याचा पुढचा अभ्यास करायला तिनं अमेरिकेत अर्ज केले आणि दोन ठिकाणांहून होकार आले. एक लॉस एंजेलिसजवळ. दुसरा ओमाहा नावाच्या गावी. आणि तिला ओमाहा हवं होतं.

मी शीट काढून पाहिलं. मजेच्या रकान्यात नाही, बोअरच्या रकान्यात नाही. आमची विमानं तिथं जातच नव्हती. बारा वर्षांत एकाही माणसाच्या तोंडून नाव ऐकलेलं नाही. म्हणजे इतकं बोअर की त्याला बोअर म्हणायलाही कोणी गेलं नाही.

मी फोनवर तिला लॉस एंजेलिसची महती सांगितली. समुद्र, ऊन, रस्त्यावर माणसं, बॅग सरासरी एकोणीस किलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिला ज्या प्राध्यापिकेच्या हाताखाली काम करायचं आहे त्या ओमाहाला आहेत.

"तुला तिथं कंटाळा येईल," मी म्हटलं.

"बाबा, मी मजा करायला चाललेय का?"

"कंटाळा काय असतो ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे. मी हो म्हणणार नाही."

फोन ठेवला तो अकरा दिवस उचलला नाही. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी अगदी बरोबर आहे असंच वाटत होतं. बायकोनं, सुनंदानं, दोन्हीकडे निरोप पोचवण्याचं काम केलं. पाचव्या दिवशी तीही वैतागली. म्हणाली, तुम्ही स्वतः गेलाय का कधी तिकडे? उंटावरून शेळ्या हाकू नका. दुबईत राहणाऱ्या माणसाला ही म्हण जरा जास्तच लागते.

कंटाळ्याची मला भीती का, हे मी सुनंदालाही कधी नीट सांगितलं नव्हतं. क्रूच्या बसआधी सात वर्षं मी मजुरांची बस चालवत होतो. मुहैस्नाहच्या, म्हणजे आमच्या भाषेत सोनापूरच्या, कॅम्पातून सकाळी माणसं उचलायची, मरीनाला टॉवर उभे राहत होते तिथं सोडायची, संध्याकाळी परत आणायची. पुढे त्याच टॉवरांखाली मी क्रूसाठी बस लावायला लागलो. कॅम्पात एका खोलीत आम्ही आठजण. काम होतं तोवर ठीक. शुक्रवार उगवला की खोली अंगावर यायची. गुहागरचा एक सुतार होता आमच्यात. तो दर शुक्रवारी सकाळी गावी न्यायची बॅग भरायला घ्यायचा. साबण, अत्तराच्या बाटल्या, मुलीसाठी घेतलेली बाहुली, सगळं नीट रचायचा, वरून दोरी बांधायचा. संध्याकाळी सोडून पुन्हा कपाटात लावायचा. त्याच्या सुट्टीला अजून चौदा महिने होते. आम्ही कोणी त्याला हसलो नाही. बसमध्ये तेव्हाही वाद असायचे. सोनापूरचा कॅम्प बरा की अल कूझचा, हा वाद. पण तो वाद कोणी रंगवायचा नाही, दोन वाक्यांत संपायचा आणि मग माणसं खिडकीला डोकं टेकून बसायची. माझी पोर परक्या मुलखात, बर्फात, एका खोलीत बॅग भरून सोडतेय, हेच मला दिसत होतं.

बाराव्या दिवशी धुकं पडलं. हिवाळ्यात दुबईत सकाळी कधी कधी असं धुकं येतं की बसच्या नाकापुढचं दिसत नाही. त्या दिवशी मरीनाकडच्या इमारतींतून बावीस जणांना घेऊन निघालो होतो आणि रास अल खोरच्या अलीकडे पुढं कुठं तरी गाड्या आपटल्या. सगळा रस्ता जागच्या जागी थांबला. एरवी तिथल्या खाडीत रोहित पक्षी दिसतात, त्या दिवशी रस्त्याच्या कडेचा खांबही दिसेना. मी कंट्रोलला फोन केला, त्यांनी थांबा म्हटलं. मागं मुलं घड्याळं बघायला लागली. उशीर झाला तर बदली क्रू पाठवतात आणि हातची फेरी जाते. बस गप्प झाली. गप्प बस मला सोसत नाही, सात वर्षं चालवली आहे.

मी आरशात बघून मोठ्यानं विचारलं, "ओमाहा कैसा है? फन या बोअर?"

बावीस माणसं आणि एकालाही सांगता येईना. करीमनं ते अमेरिकेतच आहे ना, अशी शंका काढली. मग मी सगळी हकीकत सांगितली. लेक, दोन होकार, अकरा दिवस. बस जागी झाली. लॉस एंजेलिसचा पक्ष उभा राहिला, त्याच्या विरोधात रहदारीचा पक्ष उभा राहिला. कोणी म्हणालं छोट्या गावात अभ्यास होतो, कोणी म्हणालं छोट्या गावात माणूस वेडा होतो. जोसी शेवटून दुसऱ्या सीटवरून पुढं आली. तिच्या हिंदी-इंग्रजी खिचडीत म्हणाली, माझी बहीण ओमाहात आहे, नर्स, बारा वर्षं झाली.

मी वळून बघितलं. बस उभीच होती. "क्या बोलती है?"

"बोअर बोलती है," जोसी म्हणाली. "हर फोनमें बोअर. मैं बोलती हूँ, दुबई आ जा. आती नहीं."

मी मान हलवली. झालं, साक्षच मिळाली. 'आती नहीं' हे दोन शब्द माझ्या कानावरून निघून गेले, ते मला दोन वर्षांनी ऐकू आले.

जेनेट इतका वेळ काही बोलली नव्हती. ती उठून माझ्या मागच्या सीटवर येऊन बसली आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "काका, आमच्या बोलण्यावरून तुम्ही पोरीचं ठरवताय? आम्ही तिथं झोपायला जातो हो."

मी वायपर चालू करून बंद केले.

"बरं, दुबई कशी? फन की बोअर?"

हा प्रश्न तिनं मग इंग्रजीत सगळ्यांना विचारला आणि बस पुन्हा पेटली. करीमला दुबई मजेची, पोलंडच्या मुलीला माहीत नाही, सर्बियन मुलगा म्हणाला पत्रं आली तर सांगेन. सगळ्यांचं झाल्यावर ते माझ्याकडे वळले. अंकल, तुम्ही सगळ्यांत जुने, एकोणीस वर्षं. तुम्ही सांगा.

डोळ्यांपुढे गुहागरचा सुतार आला. मग ती टपालपेटी आली, सात जोडी बूट आले, पठाणाचं हसणं आलं. शहर तेच होतं, रस्ता तोच, मरीना ते विमानतळ. पहिली सात वर्षं मला खात होती आणि पुढची बारा कशी गेली ते कळलं नव्हतं. मधल्या काळात दुबईत बदललं खूप, पण माझ्यापुरतं एवढंच बदललं होतं की मागच्या सीटवर बोलणारी माणसं येऊन बसली. हे मी त्यांना सांगितलं नाही. इंग्रजीत सांगता आलं नसतं आणि मराठीत रडू आलं असतं. तेवढ्यात पुढच्या गाडीचे दिवे हलले आणि कोणीतरी मागून "यल्ला अंकल" म्हणालं.

वेळेत पोचलो, अगदी काठावर. बॅगा उतरवून झाल्यावर मी तिथूनच मृणालला फोन केला. म्हटलं, जा ओमाहाला. मग मी म्हटलं, रोज फोन करायचा. ती म्हणाली, आठवड्याला. तिथंच कळलं, आवाज ठीक आहे.

ती गेली. पुढची दोन वर्षं मी ओमाहाचं हवामान दुबईत बसून सांगू शकायचो. मृणाल फोनवर फारसं सांगायची नाही. बर्फ पडला, जेवले, लॅबमध्ये उशीर झाला. मी एकदा खिडकी दाखव म्हटलं तर पांढरं मैदान, पांढऱ्या गाड्या आणि एक झाड. माणूस नाही. मी सुनंदाला म्हटलं छान आहे, आणि त्या दिवशी जेवलो नाही. जोसीला विचारायचो, बहीण काय म्हणते. बोअर म्हणते, असं ती सांगायची.

निवृत्तीला मी यंदा अर्ज दिला. एकवीस वर्षं खूप झाली आणि कंबरेनंही तसं स्पष्ट सांगितलं. ठरलं असं की मृणालनं पहिल्या सुट्टीवर येताना दुबईला उतरायचं आणि तिथून आम्ही बापलेकीनं एकत्र गावी जायचं. तिचं विमान शिकागोहून आमच्याच कंपनीचं. कोणाला घ्यायला म्हणून मी पहिल्यांदाच विमानतळावर बसशिवाय उभा होतो, हातांना काय करावं कळत नव्हतं.

ती आली, मिठी मारली, जरा भरली होती. मी सवयीनं बॅग घेतली. मोठी बॅग, पण हात वर गेला तो गेलाच. नऊ किलो. सव्वानऊ फार तर. दोन वर्षं अमेरिकेत राहिलेली मुलगी नऊ किलो घेऊन येते? माझ्या सगळ्या नोकरीत अमेरिकेहून आलेली इतकी हलकी बॅग मी उचलली नव्हती, पोलंडच्या मुलीची सोडून.

"एवढंच सामान?" मी विचारलं.

"सगळं तिकडंच आहे ना, बाबा," ती म्हणाली आणि तहान लागली म्हणून पाणी घ्यायला गेली.

मी त्यावर विश्वास ठेवला नाही. चौदा वर्षांचा अनुभव हातात होता. हलकी बॅग, बोअर शहर. पोरीनं दोन वर्षं तोंड दाबून काढली आणि बापाला कळू दिलं नाही, कारण बाप अकरा दिवस फोन न उचलणारा आहे. हे सगळं माझ्या मनात तिथल्या तिथं पक्कं झालं. माझ्या स्वतःच्या दोन बॅगा होत्या, प्रत्येकी परवानगी होती तेवढ्या पूर्ण भरलेल्या, दोऱ्या बांधलेल्या. दुबईहून गावी जाताना गेल्या एकवीस वर्षांत मी कधी पाव किलो जागा रिकामी सोडली नाही. कोणीच सोडत नाही. दूधपावडर, बदाम, बाम, ब्लँकेटं, आणि या वेळी तर सगळा संसारच.

गावी तीन आठवडे होतो. मृणाल आईच्या हातचं जेवली, विहिरीत टेप सोडून पाणी मोजत बसली, दुपारी पडवीत झोपली. मी तिचं तोंड बघत राहायचो. सुनंदाला म्हटलं, तिला तिथं करमत नाही, ती बोलणार नाही, आपणच सांगू या की नको जाऊ. सुनंदा म्हणाली, तुम्ही विचारा तरी. मी म्हटलं, विचारलं तर ती खरं सांगणार नाही, बॅगेनं सांगितलंय. यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती लिहिता येत नाही.

निघायच्या आदल्या सकाळी मी ठरवून तिच्या खोलीत गेलो. वाक्य पाठ केलं होतं: मृणाल, परत जायलाच पाहिजे असं काही नाही.

ती जमिनीवर बसली होती, भोवती पसारा. तीच मोठी बॅग उघडी. आत कुळथाचं पीठ, आमसुलं, पोह्याचे पापड, आईच्या दोन जुन्या साड्या, पितळेची एक छोटी परात, घावण्याचा तवा. बॅग गळ्यापर्यंत आली होती आणि ती गुडघा टेकून अजून दाबत होती. मी दारातच थांबलो. असं गुडघा टेकून बॅग दाबणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली होती, स्वतःही तसाच दाबत आलो होतो. पण आम्ही सगळे ते गावी जाताना करायचो.

मी खाली बसलो. पाठ केलेलं वाक्य विसरलो.

"तवा कशाला?" मी विचारलं.

"तिकडचे तवे पातळ असतात. शनिवारी सगळी माझ्याकडे येतात, घावणे पुरत नाहीत."

"सगळी म्हणजे कोण?"

तिनं नावं सांगितली, मला ती ध्यानात राहिली नाहीत. लॅबमधली एक केनियाची, एक नेपाळी जोडपं. शेजारी ऐंशीच्या एक आजी, त्या सध्या मृणालच्या कुंडीतल्या कोथिंबिरीला पाणी घालत होत्या. त्यांच्यासाठी त्या साड्यांची गोधडी शिवायची होती. प्राध्यापिकेसाठी आमसुलं, कारण मागच्या वर्षी हिची सोलकढी प्यायल्यापासून त्या दर सभेत विचारतात. तिच्या बोलण्यात ती खिडकी, ते झाड, ते पांढरं मैदान कुठंच नव्हतं. मला जोसीचे ते दोन शब्द तेव्हा ऐकू आले.

"फोनवर हे कधी सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"तुम्ही हवामान विचारायचात, बाबा."

तेही खरंच होतं. मी तिला एकेक वस्तू द्यायला लागलो. बॅगेच्या कडेला काजूचं एक लहान पाकीट होतं, वर काही लिहिलेलं नव्हतं.

"हे कोणाला?"

"आमच्या बसच्या अंकलना," ती म्हणाली. "मला लॅबमधून निघायला रोज उशीर होतो. ते थांबतात."

"थांबायचा नियम आहे का तिथं?"

"नाही. पण मी रस्त्याच्या पलीकडून पळत येताना दिसले की ते खाली उतरून आरशावरचा बर्फ पुसत बसतात. नसला तरी पुसतात."

मी तिच्याकडे बघेना. ते काजूचं पाकीट हातात घेऊन पालथं-सुलटं केलं. म्हटलं, हे फारच लहान आहे, तो अर्ध्या किलोचा पुडा टाक.

"वजन जास्त होईल, बाबा. तेवीसच्या वर घेत नाहीत."

मी उठलो, बॅगेची चेन ओढली, कंबर सांभाळून दोन्ही हातांनी बॅग उचलली आणि खाली ठेवली.

"बावीस चारशे आहे," मी म्हटलं. "बसतो अजून."